ग्रंथपरीक्षण आणि ग्रंथकाराची मुलाखत

मराठी मासिकांच्या शेवटच्या पानांवर ‘साभार पोंच’ या मथळ्याखालीं बारीक टाइपांत एक यादी छापण्याचा प्रघात फार जुना आहे. प्रकाशकानें अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवाव्या, संपादकानें त्यांतील एक परीक्षकाकडे धाडावी, दुसरी कचेरींत ठेवावी, आणि परीक्षण लिहून होईपर्यंत पुस्तकाचें नांव, ग्रंथकाराचें नांव, पृष्ठसंख्या व किंमत एवढें तरी वाचकांपुढें जावें, असा त्या यादीचा हेतु. प्रत्यक्षांत पुष्कळशा पुस्तकांचा प्रवास त्या यादींतच संपतो. मराठी पुस्तकाची आवृत्ति बहुधा हजाराच्या आसपास प्रतींची निघते. त्या हजार प्रती कोणाच्या घरीं जाव्या हें ठरविण्यास वाचकाला दोन गोष्टींचा आधार असतो : एक परीक्षण आणि दुसरी ग्रंथकाराची मुलाखत. अलीकडे हीं दोन्हीं एकाच ताटांत वाढलीं जातात, आणि परीक्षण वाचलें काय किंवा मुलाखत ऐकली काय, सारखेंच, असा समज रूढ होत चालला आहे. वस्तुतः दोहोंचा धर्म निराळा. परीक्षण पुस्तकाला प्रश्न विचारतें, मुलाखत माणसाला. हा भेद विसरला म्हणजे वाचकाची फसगत कशी होते, आणि ध्यानांत ठेवला म्हणजे त्याच्या पदरांत काय पडतें, हें भिवंडी शहराशीं संबंध असलेल्या दोन पुस्तकांवरून चांगलें समजतें. एक पुस्तक हिंदी आहे व भिवंडीशीं असलेलें त्याचें नातें त्याच्या कथेंत कोठेंहि दिसत नाहीं. दुसरें मराठी आहे व भिवंडीचें नांव त्याच्या मुखपृष्ठावरच आहे. त्यांकडे वळण्यापूर्वीं परीक्षणाची चाल मराठींत कशी पडली तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनीं ‘विविधज्ञानविस्तार’ हें मासिक १८६७ सालीं सुरू केलें. त्याच सालीं छापखाने व पुस्तकें यांच्या नोंदणीचा कायदा झाला, हा योग लक्षांत घेण्यासारखा आहे. सरकारदप्तरीं पुस्तकांची मोजदाद होऊं लागली, आणि मासिकांत त्यांचें वजन होऊं लागलें. ‘विविधज्ञानविस्तार’ १९३७ पर्यंत चाललें व त्या सत्तर वर्षांत ग्रंथपरीक्षण हें त्याचें एक मुख्य अंग होतें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारख्यांनीं एकेका नाटकावर वा कादंबरीवर इतकें सविस्तर लिहिलें कीं आजच्या स्तंभलेखकास तें पाहून घाम फुटावा. पात्र, कथानक, भाषा, संभाव्यता, सर्वांची झडती. पण परीक्षणाचा धाक खरा बसविला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं. १८७४ पासून निघालेल्या ‘निबंधमाले’च्या ८४ अंकांत त्यांनीं मराठी गद्याला जी धार लावली ती पुढें कोणाच्याहि हातीं तशी राहिली नाहीं. आणि त्याच धारेनें त्यांच्या हातून जें झालें तेंहि मराठी परीक्षणाच्या इतिहासांत नोंदलेलें आहे.

जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालीं प्रसिद्ध झाली. चिपळूणकरांनीं निबंधमालेंत जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेतला तेव्हां त्यांच्या उपहासाचा रोख पुष्कळ अंशीं व्याकरणावर, शब्दयोजनेवर आणि वाक्यांच्या ओबडधोबडपणावर होता. पुस्तक विचारीत होतें कीं समाजाची ही उतरंड कोणी रचिली आणि तिचा भार कोणाच्या डोक्यावर आहे. परीक्षक उत्तर देत होता कीं अमुक ठिकाणीं विभक्ति चुकली आहे. विभक्ति चुकली असेलहि. भाषा तपासणें हें परीक्षकाचें कामच आहे, आणि चिपळूणकरांनीं तें करूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु जो ग्रंथ भाषेच्या प्रौढीसाठीं लिहिलेलाच नाहीं, त्याला केवळ त्या मापानें मापणें म्हणजे गहूं गजानें मोजण्यासारखें आहे. परीक्षकाचें पहिलें कर्तव्य पुस्तकाचा प्रश्न नीट मांडून दाखविणें हें होय. उत्तर पटलें कीं नाहीं हें त्यानें मागाहून खुशाल सांगावें. आज ‘गुलामगिरी’ अनेक भाषांत वाचली जाते, आणि तिच्यावरची टीका वाचली जाते ती चिपळूणकरांच्या गद्याचा मासला म्हणून.

ताराबाई शिंदे यांची हकीकत याहून क्लेशदायक आहे. बुलढाण्याच्या या बाईंनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा छोटा निबंध छापविला. स्त्रियांच्या माथीं जे दोष मारले जातात ते पुरुषांत किती आहेत, हें त्यांनीं कसलाहि आडपडदा न ठेवतां विचारलें. त्यावर जी टीका झाली तिला १८८५ सालीं जोतीरावांनीं ‘सत्सार’च्या अंकांत उत्तर दिलें व ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. त्यांच्या आयुष्याची माहितीहि फार तुटपुंजी आहे, कारण त्यांना जाऊन कोणी कांहीं विचारलेंच नाहीं. त्या काळीं ग्रंथकाराची मुलाखत घेण्याची रीत नव्हती; आणि असती तरी एका बाईच्या दारांत वही घेऊन कोण गेलें असतें हा प्रश्नच आहे. मुलाखतीचा पहिला उपयोग या अभावांतून दिसतो. परीक्षणांत ग्रंथकार गैरहजर असतो, त्याच्या पाठीमागें न्याय होतो. मुलाखतींत त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत कां होईना, उभें राहून बोलतां येतें.

बोलणें घरोघर पोंचविण्याचें साधन आलें तें नभोवाणीचें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. १९३० सालीं कंपनी बुडाल्यावर सरकारनें तें काम हातीं घेतलें आणि १९३६ पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव रूढ झालें. नभोवाणीवर परीक्षण करणाराला छापील परीक्षणाच्या कित्येक सवयी सोडाव्या लागतात. ऐकणाराला पान उलटून मागें जातां येत नाहीं. म्हणून पुस्तकाचें नांव पुनःपुन्हां घ्यावें लागतें, उतारे आंखूड ठेवावे लागतात, तळटीपेंत लपण्याची सोय नसते. उलट मुलाखतीला तेथें एक देणगी मिळते, ती म्हणजे आवाज. प्रश्न ऐकून ग्रंथकार किती वेळ थांबला, कोठें हंसला, कोणत्या शब्दावर त्याचा स्वर खालीं आला, हें कानांना कळतें. तीच मुलाखत लिहून काढून छापली म्हणजे विराम गळतो आणि वाक्य तेवढें उरतें. मासिकांतून भाषणें वाचणाऱ्या घरांनीं ही तूट मनांत धरूनच वाचावें.

याच नभोवाणीच्या नोकरींत बा. सी. मर्ढेकर होते. त्यांच्या ‘कांहीं कविता’ १९४७ सालीं आल्या, आणि त्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांतून ते निर्दोष सुटले. त्यांतील कित्येक कवितांचा अर्थ काय, यावर त्या काळीं वाद माजले, विडंबनें झालीं, चेष्टा झाल्या. मर्ढेकर १९५६ सालीं वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षीं वारले. आतां त्यांना विचारण्याची सोय नाहीं, आणि तरीहि त्या कविता वाचल्या जातात व नवे वाचक त्यांचा अर्थ लावतात. ग्रंथकार हा आपल्या ग्रंथाचा शेवटचा न्यायाधीश नव्हे, हें यावरून उघड आहे. मग त्याला विचारावयाचें तरी काय? येथें भिवंडीचें पहिलें उदाहरण उपयोगी पडतें.

कामवारी नदीच्या कांठचें, मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यालगतचें हें ठाणें जिल्ह्यांतील शहर यंत्रमागांचें म्हणून प्रसिद्ध आहे. उत्तरेंतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणांतून आलेले पद्मशाली, आणि मूळचे कोंकणी व आगरी रहिवासी यांच्यामुळें एका गल्लींत उर्दू, दुसरींत तेलुगू व तिसरींत मराठी ऐकूं येते. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं येथें दंगल उसळली व तिची झळ जळगांव आणि महाड येथपर्यंत गेली. पुढें न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें तिची चौकशी केली. त्या दंगलीनंतरच्या दिवसांत मुंबईहून कांहीं मंडळी भिवंडी पाहावयास आलीं. त्यांत प्रसिद्ध नट बलराज साहनी होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे धाकटे बंधु, हिंदी लेखक भीष्म साहनी हेहि होते.

भीष्म साहनी यांचा जन्म १९१५ सालीं रावळपिंडीस झाला. १९४७ च्या मार्च महिन्यांत तेथें जो भयंकर दंगा झाला तो त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता. काँग्रेसच्या मदतकार्यांत राहून जळालेल्या खेड्यांची माहिती गोळा करण्याचें काम त्यांनीं केलें होतें. त्यानंतर ते दिल्लीला आले, अध्यापक झाले, कथा-कादंबऱ्या लिहिल्या. पण त्या मार्च महिन्यावर तेवीस वर्षें मोठें लेखन केलें नाहीं. भिवंडींतल्या ओसाड गल्ल्यांतून हिंडतांना त्यांना आगींत वितळलेले माग दिसले. एरवीं दिवसरात्र खडखडणाऱ्या त्या शहरांत स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकूं येत होता. हा आवाज आपण पूर्वीं कोठें तरी ऐकला आहे असें त्यांना वाटलें, आणि तो रावळपिंडीचा होता. दिल्लीस परतल्यावर कांहीं दिवसांनीं त्यांनीं लिहावयास घेतलें व ‘तमस’ ही कादंबरी तयार झाली. १९७३ सालीं ती निघाली, १९७५ सालीं तिला साहित्य अकादेमीचें पारितोषिक मिळालें. ही हकीकत स्वतः साहनी यांनीं आत्मचरित्रांत सांगितली आहे, मुलाखतींतूनहि सांगितली आहे.

आतां परीक्षकाच्या जागीं बसून पाहावें. ‘तमस’ ही पंजाबांतल्या एका शहराची व त्याच्या आसपासच्या खेड्यांची गोष्ट आहे. नत्थू नांवाच्या गरीब चर्मकाराला पांच रुपयांची नोट देऊन एक डुक्कर मारावयास लावतात. सकाळीं तें मशिदीच्या पायऱ्यांवर सांपडतें. आणि तेथून वणवा पेटतो. जिल्ह्याचा इंग्रज अधिकारी शांतपणें जुन्या मूर्ती आणि इतिहास यांत रमलेला आहे. शेवटीं ज्या माणसानें नत्थूच्या हातीं नोट दिली तोच शांततासमितीच्या गाडींत पुढें बसून एकोप्याच्या घोषणा देतो. मदतकार्याच्या कचेरींत बसलेला एक कारकून येणाऱ्या प्रत्येकाकडून फक्त आंकडे मागतो. दुःख ऐकण्यास त्याच्या तक्त्यांत रकाना नाहीं. हें सर्व पुस्तकांत आहे, आणि तें ओळखण्यास भिवंडीचें नांव ऐकण्याची गरज नाहीं. जो परीक्षक एवढें दाखवील त्यानें आपलें काम पुरें केलें. परंतु १९४७ ची गोष्ट १९७० नंतर कां लिहिली गेली, आणि ती जुन्या स्मृतींची पेटी उघडल्यासारखी न वाटतां कालचीच हकीकत कां वाटते, याचें उत्तर कथेंत नाहीं. तें ग्रंथकाराच्याच तोंडून मिळावयाचें. त्याला विचारण्यासारखा प्रश्न हा होय. कादंबरीचा अर्थ काय, असें त्याला विचारणें म्हणजे स्वतः वाचण्याचे श्रम त्याच्यावर ढकलणें.

यांतहि एक सावधगिरी हवी. ग्रंथकार आपल्या लेखनाचा उगम सांगतो तेव्हां तो घडलेल्या गोष्टीची स्मृति सांगत असतो, आणि स्मृति ही जात्याच कथाकार आहे. कथाकाराची तर अधिकच. मागें वळून पाहतांना अनेक कारणांतून एक कारण उठावदार होतें. साहनींनीं सांगितलेली भिवंडीची हकीकत खोटी मानण्याचें कांहीं कारण नाहीं. पण भिवंडी पाहिली म्हणून ‘तमस’ लिहिली गेली, एवढ्या एका वाक्यांत सर्व उलगडा झाला असें मानणें भाबडेपणाचें होईल. भिवंडी पाहून गेलेले इतर अनेक होते. त्यांच्याजवळ रावळपिंडी नव्हती.

पुस्तक अखंड वाचावें लागतें, तुकडा तोडून न्याय करतां येत नाहीं, हा परीक्षणाचा नियम ‘तमस’च्या बाबतींत न्यायालयालाहि पाळावा लागला. १९८८ च्या जानेवारींत गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. तींत भीष्म साहनी यांनीं स्वतः हरनामसिंग या वृद्ध शीख दुकानदाराची भूमिका केली होती. मालिकेनें जातीय तेढ वाढेल, अशी हरकत निघाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें आणि प्रक्षेपणाला तात्पुरती मनाई झाली. अपिलांत न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांनीं संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि मनाई उठविली. १६ फेब्रुवारी १९८८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि प्रक्षेपणाच्या बाजूनेंच निकाल दिला. त्या वेळीं आधाराला घेतलेलें माप नागपूर उच्च न्यायालयाचें होतें. लेखनाचा परिणाम कमकुवत व डळमळीत मनाच्या माणसावरून ठरवूं नये, समंजस व खंबीर माणसावरून ठरवावा, असें न्या. विव्हियन बोस यांनीं तेथें पूर्वींच म्हणून ठेवलें होतें. मराठी परीक्षकांनींहि हें माप एकदां हातीं घेऊन पाहावें. वाचकाला काय झेपेल याची काळजी वाहणारीं परीक्षणें आपल्याकडे कमी नाहींत.

दुसरें पुस्तक अगदीं निराळ्या जातीचें. १९८४ सालीं भिवंडी पुन्हां दंगलींत होरपळली. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तेथें आले व त्यांनीं मोहल्ला समित्या उभ्या केल्या. मोहल्ल्यांतील हिंदु-मुसलमान रहिवासी व तेथला पोलीस शिपाई यांनीं दंग्याची वाट न पाहतां एरवींहि एकत्र बसावें, नळाच्या पाण्यापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंत कुरबुरी तेथेंच मिटवाव्या, अशी ती योजना होती. १९९२ च्या डिसेंबरांत व १९९३ च्या जानेवारींत मुंबई पेटली असतां अवघ्या कांहीं कोसांवरची भिवंडी शांत राहिली. या अनुभवावर खोपडे यांनीं जें मराठी पुस्तक लिहिलें त्याचें नांवच एक प्रश्न आहे : ‘मुंबई जळाली, भिवंडी कां नाहीं?’

अशा पुस्तकाचें परीक्षण कादंबरीच्या रीतीनें करतां येत नाहीं. येथें ग्रंथकार एक दावा करीत आहे, आणि त्या दाव्यांत तो स्वतः पक्षकार आहे. परीक्षकाला पुस्तकाबाहेर जावें लागतें. समित्या नेमल्या म्हणून शांतता राहिली, कीं १९७० व १९८४ या दोन दंगलींनीं पोळलेल्या व्यापाऱ्यांना व मागवाल्यांना माग बंद पडण्याची धास्ती होती म्हणून? कीं दोन्हीं मिळून? मादन आयोगाचा अहवाल, १९८४ च्या हकीकती, आणि इतर शहरांत अशा समित्यांचें काय झालें याची माहिती, हें सर्व शेजारीं ठेवून मगच पुस्तकाला कौल देतां येईल. त्याची भाषा साधी आहे कीं सुंदर, याला येथें दुय्यम महत्त्व. जोतीरावांवर व्याकरणाचा आसूड उगारतांना जी चूक झाली ती येथें पुन्हां होण्याचा संभव फार, कारण पोलीस अधिकाऱ्यानें लिहिलेलें पुस्तक हें ‘साहित्य’ नव्हे असें म्हणून तें बाजूला सारणें सोपें असतें.

आणि मुलाखत? ‘तमस’च्या बाबतींत मुलाखतकाराला श्रोता होऊन बसतां येतें, येथें त्याला उलटतपासणी करावी लागते. समितींत कोणाला घेतलें व कोणाला वगळलें? गुंडांना बाहेर ठेवलें कीं आंत घेऊन बसविलें? बायका होत्या काय? अधिकाऱ्याची बदली झाल्यावर बैठका किती दिवस चालल्या? २००६ च्या जुलैमध्यें पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून याच शहरांत पोलीस व जमाव यांच्यांत हिंसाचार झाला व माणसें प्राणास मुकलीं, तेव्हां त्या समित्या कोठें होत्या? हे प्रश्न विचारण्यांत ग्रंथकाराचा अनादर मुळींच नाहीं. ज्या शहरांतील माणसांच्या घरादाराशीं त्या पुस्तकाचा संबंध आहे त्यांना हीं उत्तरें हवीं आहेत, आणि ज्यानें काम केलें आहे तो बहुधा आनंदानें देतो. हार घालून, ‘आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?’ एवढेंच विचारून परतणारा मुलाखतकार अशा ग्रंथकाराला फुकट दवडतो.

प्रश्न विचारण्याचा एक उत्तम नमुना मराठींत आहे, आणि गंमत अशी कीं तो मुलाखत म्हणून छापलेला नाहीं. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ सालीं आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनीं लिहिली. कवितांतील कित्येक शब्द आपल्याला कळत नाहींत हें न लपवितां त्यांनीं त्यांचे अर्थ कवीलाच विचारले. त्याच्याबरोबर मुंबईच्या त्या वस्तींत हिंडून आले, आणि जें कळलें तें वाचकापुढें ठेविलें. कविता चांगली कां, हें त्यांनीं कवीला विचारलें नाहीं. शब्दाचा अर्थ कवीकडून घ्यावा आणि कवितेचें मोल स्वतः करावें, ही सीमारेषा त्यांनीं अचूक ओळखली होती. मध्यमवर्गीय वाचकाच्या घरांत त्या कविता शिरल्या त्यांत या प्रस्तावनेचा वांटा मोठा आहे.

मुलाखत न देण्याचाहि ग्रंथकाराला हक्क आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. धारवाडास राहून लिहिणारे जी. ए. कुलकर्णी सभा, संमेलनें व मुलाखती यांपासून जन्मभर दूर राहिले. ‘काजळमाया’ला १९७३ सालीं मिळालेलें अकादेमीचें पारितोषिकहि त्यांनीं परत केलें. १९८७ सालीं ते गेल्यावर त्यांचीं पत्रें खंडाखंडांनीं प्रसिद्ध झालीं, आणि जो माणूस बोलत नाहीं असें सर्वांना वाटत होतें तो स्नेह्यांशीं केवढें बोलत होता हें दिसून आलें. याच्या दुसऱ्या टोंकाला ‘पॅरिस रिव्ह्यू’ या त्रैमासिकाची रीत. १९५३ च्या पहिल्याच अंकांत ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत घेऊन त्यानें जी मालिका सुरू केली ती आजतागायत चालू आहे. मुलाखतीचा मजकूर छापण्यापूर्वीं ग्रंथकाराला दाखविण्याचा व सुधारूं देण्याचा तेथें प्रघात आहे. कोणी म्हणेल कीं यानें खरेपणा जातो. कांहीं अंशीं जातोच. पण घाईंत तोंडून निसटलेल्या शब्दावर माणसाला आयुष्यभर टांगून ठेवण्यापेक्षां तें बरें. नभोवाणीवर मात्र ही सोय कमी. म्हणून तेथील मुलाखतकारानें पुस्तक अगोदर संपूर्ण वाचलेलें असणें याला पर्याय नाहीं. ग्रंथकाराला तें पहिल्या प्रश्नांतच कळतें.

परीक्षकानें नांव द्यावें कीं न द्यावें हा वाद इंग्लंडांत फार दिवस चालला. लंडनचें ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ १९०२ पासून १९७४ पर्यंत परीक्षकाचें नांव छापीत नसे. व्हर्जिनिया वुल्फ, टी. एस. एलियट यांनीं तेथें निनांवी लिहिलें. निनांवीपणानें भीड मोडते, तशी जबाबदारीहि सुटते. मराठीचें जग लहान आहे. परीक्षक, ग्रंथकार व प्रकाशक एकाच संमेलनाच्या मांडवांत जेवावयास बसतात, म्हणून येथें भिडेचा रोग अधिक आणि सहीचें परीक्षण पुष्कळदां अभिनंदनपत्राच्या वळणावर जातें.

अलीकडे आणखी एक परीक्षक उत्पन्न झाला आहे, आणि त्याचीहि वाट भिवंडीवरूनच जाते. शहराभोंवतीं हमरस्त्याच्या दुतर्फा जीं प्रचंड गोदामें उभीं राहिलीं आहेत त्यांत संगणकावरून माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा माल सांठविला जातो. साबण, भांडीं, चपला यांच्याबरोबर पुस्तकेंहि तेथूनच खोक्यांत बांधलीं जाऊन मुंबई-पुण्याच्या घरोघरीं जातात. घेणारानें मग पुस्तकाला एकापासून पांचापर्यंत तारे द्यावयाचे आणि दोन ओळी लिहावयाच्या. या ओळींत कधीं कधीं फार चांगलें, जिव्हाळ्याचें परीक्षण सांपडतें. एकाद्या खेड्यांतल्या शिक्षिकेनें किंवा निवृत्त कारकुनानें चार वाक्यांत पुस्तकाचें मर्म सांगितलेलें असतें, आणि तिला वा त्याला कोणत्याहि मासिकानें प्रत पाठविलेली नसते. पण तारे मोजण्यापूर्वीं ओळी वाचाव्या. एक तारा मिळालेल्या पुस्तकाखालीं पुष्कळ वेळां एवढाच मजकूर असतो कीं खोकें चार दिवस उशिरां आलें, मुखपृष्ठाचा कोंपरा दुमडला होता, आणि आंतील कांहीं पानें उलटीं बांधलेलीं निघालीं.